डिफ्युझरला साधं भोक का नको?

समुद्रात सांडपाणी सोडणाऱ्या नळाच्या टोकाचा, पाणी पसरवून सोडणारा भाग म्हणजे डिफ्युझर. त्याला झडपेऐवजी साधं गोल भोक स्वस्त पडतं हा तुमचा मुद्दा मान्य. पण पहाटे सांडपाणी रोडावतं तेव्हा काय? घनतेचा फ्राउड अंक (फवाऱ्याचा जोर दोन पाण्यांच्या घनतेतल्या फरकापुढे किती, हे सांगणारा आकडा) 1 च्या खाली गेला की जड खारं पाणी भोकातून आत घुसतं, सोबत वाळूही. रबरी डकबिल झडपेची (बदकाच्या चोचीसारखी, पाणी फक्त बाहेर जाऊ देणारी झडप) चोच अशा वेळी मिटत जाते, त्यामुळे कमी प्रवाहातही फवाऱ्याचा वेग टिकतो. फक्त एक, झडपेच्या तोंडाचं क्षेत्रफळ स्थिर धरून हेड लॉस (वाटेत खर्च होणारा पाण्याचा दाब) काढू नका (मी काढला होता, पंपाचं गणितच फसलं!). उत्पादकाकडून प्रवाहानुसार हेड लॉस दाखवणारा आलेख मागवा.

आपल्याकडे मुठेत खारं पाणी नाही, पण लोखंडी फ्लॅपच्या (नळाच्या तोंडावरच्या झाकणासारख्या झडपेच्या) बिजागरीत प्लास्टिकची पिशवी अडकून झडप उघडीच राहिलेली पाहिलीय. चोचीला बिजागरीच नसते.