सीरियातून सुटलेल्या कैद्यांच्या जबान्या : नोंद कशी ठेवायची?

केतकी_बॉन
जर्मनीतल्या एका छोट्या गटाकडे सेदनायाचा लष्करी तुरुंग आणि दमास्कसमधल्या गुप्तचर खात्याच्या शाखा (तिथेही कोठड्या होत्या) यांमधून सुटलेल्यांच्या जबान्या नोंदवायचं काम आलंय. दोन वकील, एक डॉक्टर, एक अरबी दुभाषी एवढंच बळ. जबानी किती खोलात घ्यावी? बऱ्याच जणांच्या अंगावर आता खुणा नाहीत, मग वैद्यकीय तपासणीला अर्थ उरतो का? डिसेंबर २०२४ मध्ये असद राजवट पडून तुरुंग उघडले तेव्हा काहींनी तिथले कागद उचलून आणलेत, त्यांचं काय करायचं? आणि संयुक्त राष्ट्रांकडे नेमकं कुठे जायचं?

अभिसाक्षी
पूर्ण जबानी तुम्ही घेऊच नका. युरोजस्ट (युरोपीय संघाची फौजदारी न्याय-सहकार्य संस्था) आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या अभियोक्ता कार्यालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये नागरी संस्थांसाठी मार्गदर्शिका काढली, तिचा सूर हाच आहे. पहिल्या भेटीत एवढंच घ्या : कोण, कुठल्या शाखेत, कधीपासून कधीपर्यंत, सोबत कोण होतं, पुढे पोलिसांशी बोलायची तयारी आहे का.

कारण साधं आहे. हाच माणूस आश्रयाच्या मुलाखतीत सांगतो, मग तुम्हाला, मग पोलिसांना, शेवटी कोर्टात. प्रत्येक वेळी महिना मागेपुढे होतो आणि बचावाचा वकील नेमकं तेवढंच धरून बसतो. 'टायरमध्ये घातलं का?' असं विचारलंत की उत्तर तुमचं झालं. 'मग काय झालं?' एवढंच विचारा. दोघातिघांना एकत्र बसवून तर अजिबात नको, आठवणी एकमेकींत मिसळतात.

डोळ्यांवर पट्टी असलेल्याला काय पाहिलं म्हणून खोदू नका. सेदनायात कैद्यांना बोलायचीही बंदी होती, त्यामुळे तिथली आठवण कानात साठलेली आहे. दार, पावलं, प्रतिध्वनी. २०१६ मध्ये अ‍ॅम्नेस्टी आणि फॉरेन्सिक आर्किटेक्चर या लंडनच्या संशोधन गटाने अशाच आठवणींवरून तो तुरुंग पुन्हा रेखाटला. कुणी स्वतःहून नकाशा काढला तर त्यावर तारीख आणि सही घ्या, मूळ कागद जपा, स्वतः 'नीट' करून काढू नका.

संमती एका फॉर्मवर एकदा घेऊन भागत नाही. जपून ठेवणे, तपासयंत्रणेला देणे, प्रसिद्ध करणे या तिन्हींची वेगवेगळी घ्या. 'हे कुणालाच कळणार नाही' असं वचन देऊ नका, कोर्ट तुमचे कागद मागवू शकतं.

डॉ. रानवारा
खुणा नसल्या तरी तपासणी कराच. इस्तंबूल प्रोटोकॉलमध्ये (छळाची तपासणी आणि नोंद कशी करायची याची संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शिका; १९९९, सुधारित आवृत्ती २०२२) स्पष्ट म्हटलंय की बहुतेक जखमा सुमारे सहा आठवड्यांत भरतात आणि व्रण राहिलाच तर तो कशाचाही असू शकतो. खूण नाही म्हणून छळ नाही, असा निष्कर्ष निघत नाही.

फलाका, म्हणजे तळपायावर फटके, याचं बघा. वर्षांनंतर कातडी स्वच्छ असते, पण टाचेखालची चरबीची गादी चपटी झालेली असू शकते. चालताना दुखतं. पायाचा अंगठा हाताने वर वळवून तळव्याचा पट्टा ताणला जातो का ते तपासा. तो फाटला असेल तर नेहमीचा ताण येत नाही. हात मागे बांधून टांगलं असेल तर खांद्यातल्या नसांचं जाळं दुखावतं : हाताला मुंग्या, ताकद कमी, कधी खांद्याचं पातं पंखासारखं बाहेर येतं.

अहवालात 'छळ झाला आहे' असं ठोकून देऊ नका. खूण सांगितलेल्या छळाशी किती जुळते याच्या पाच पायऱ्या आहेत : विसंगत, सुसंगत, अत्यंत सुसंगत, त्या कारणाने सहसा दिसणारं, आणि दुसऱ्या कुठल्याच कारणाने होऊ न शकणारं. एकेका व्रणाला पायरी लावा, मग शरीर आणि मन दोन्ही मिळून एकत्रित मत द्या. आमचे लोक सगळीकडे 'सुसंगत' लिहून मोकळे होतात, तिथे अहवालाचा कणा जातो. रंगावरून वळ किती दिवसांचा हेही सांगू नका, ते शास्त्राला धरून नाही. दोन ते चार तासांची एक बैठक बहुधा पुरत नाही, त्या हिशोबाने वेळ ठेवा.

बाराखडी
कागदांबद्दल. कुठून, कोणत्या खोलीतून, कधी, कुणी उचलला, नंतर कुणाकुणाच्या हातात गेला हे आणणाऱ्याकडून आजच लिहून घ्या. पिना काढू नका, वर पेनाने क्रमांक घालू नका, प्लास्टिकच्या ऐवजी आम्लरहित पाकीट वापरा. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलात की तो दाबला जातो आणि आतली तारीख-वेळ गळून पडते. मूळ फाईल कार्डावरून थेट उतरवा, लगेच शा-२५६ हॅश (फाईलचा जणू अंगठ्याचा ठसा; फाईल जरा बदलली तरी तो बदलतो) काढून वेगळ्या वहीत लिहा, काम प्रतीवर करा.

'सीझर' या टोपणनावाच्या सीरियन लष्करी पोलिसांच्या छायाचित्रकाराने देशाबाहेर काढलेल्या, कोठडीत मेलेल्यांच्या वगैरे पन्नास हजारांहून जास्त फोटोंचं वजन त्यांच्या भीषणतेत नव्हतं. प्रेतासोबत कैद्याचा क्रमांक, शाखेचा क्रमांक आणि तपासणीचा क्रमांक होता, म्हणून ते जुळवता आले. जर्मनीतल्या कोब्लेंझच्या खटल्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने ते वाचून दाखवले आणि १३ जानेवारी २०२२ ला शाखा २५१ चा गुप्तचर अधिकारी अन्वर रस्लान जन्मठेपेला गेला.

सनद_वाचक
संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीकडे जाऊ नका. सीरिया २००४ मध्ये छळविरोधी करारात आला, पण कलम २२ खालची वैयक्तिक तक्रार त्याने मान्य केलेली नाही. (भारताची तर १९९७ पासून नुसती सही आहे, अनुसमर्थन अजून नाही.) जुन्या गुन्ह्यांसाठी रस्ते दोन : जर्मन फेडरल अभियोक्ता, आणि महासभेच्या २०१६ च्या ठरावाने झालेली जिनिव्हाची तपास यंत्रणा. बेपत्ता माणसासाठी २०२३ ची स्वतंत्र संस्था.

आज कोठडीत असलेल्यासाठी मात्र छळविषयक विशेष प्रतिवेदकाकडे (संयुक्त राष्ट्रांनी नेमलेला स्वतंत्र तज्ज्ञ) तातडीचं आवाहन करा. करार मान्य केलेला असण्याची अट नाही, देशातले उपाय संपवायची अटही नाही. नाव, अटकेची तारीख, जागा, कुणी नेलं, धोका काय, कुटुंबाची संमती. दोन पानांत बसवा. राजकीय विशेषणं गाळा, निव्वळ बातम्यांवर बेतलेला अर्ज घेत नाहीत. अर्जदाराचं नाव सरकारला कळवत नाहीत, कैद्याचं कळवतात, आणि पत्र साधारण ६० दिवसांनी जाहीर होतं. हे घरच्यांना आधी समजावून सांगा.

केतकी_बॉन
सगळ्यांचे आभार. आमचा दुभाषी दोन कैद्यांच्याच गावचा निघाला, चालेल का?

अभिसाक्षी
त्यांना दुभाष्याचं नाव आधी फोनवर सांगा, तेही त्याच्या गैरहजेरीत. जरा जरी अडखळले तरी दुसरा बघा. व्हिडिओवरून दूरच्या शहरातला चालतो, आणि बाईच्या मुलाखतीला बाई हवी का तेही त्याच फोनवर विचारून घ्या.