क्वार्टर स्केल कब: डी-बॉक्स बंद करण्याआधी काय काय उरकायचं?

बाल्साभुगा:
पायपर जे-३ कब या छोट्या विमानाच्या क्वार्टर स्केल (एक चतुर्थांश आकाराच्या) रेडिओ मॉडेलची विंग, म्हणजे पंख, बांधतोय. दोन पॅनेल (डावं आणि उजवं), पूर्ण स्पॅन (टोकापासून टोकापर्यंत) २.६९ मीटर, कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) ४०० मिमी. स्पार (पंखाच्या लांबीचे वरचे-खालचे मुख्य दांडे) स्प्रूस लाकडाचे, पुढच्या भागावरचं २.४ मिमी बाल्सा शीटिंग (हलक्या लाकडाच्या पातळ फळ्या) खालून झालंय, वरचं बाकी; ते लागलं की स्पारच्या पुढची पेटी, म्हणजे डी-बॉक्स, बंद होईल. टोकाचा २ अंशांचा वॉशआउट (टोकाशी मागची कड वर उचलणारा पीळ) आत्ता द्यायचा, की शेवटी फिल्मला (गरम केल्यावर आकसणाऱ्या प्लास्टिकच्या आवरणाला) इस्त्री करताना पिळून? आणि स्ट्रट (पंखाला खालून धडाशी जोडणारे तिरके दांडे) खरंच भार घेणारे आहेत, तर शीअर वेब (वरच्या-खालच्या स्पारांना जोडणाऱ्या उभ्या पट्ट्या) गाळले तर चालतील का? फिल्म पावसाळ्यातच लावावी लागणार.

डिहेड्रल:
वॉशआउट आत्ताच. वरचं शीटिंग चिकटलं की डी-बॉक्सची बंद नळी होते, मग ती पिळली जात नाही. इस्त्रीने एखाद-दोन मिमीचा फरक निघतो, त्याहून जास्त पीळ दिलात तर उन्हात परत जातो.

४०० मिमी कॉर्डवर २ अंश म्हणजे टोकाला ट्रेलिंग एज (मागची कड) १४ मिमी वर. वॉशआउट प्लॅनवर जिथून सुरू होतो तिथे शून्य आणि टोकाला १४, अशी लांब पाचर कापा. पॅनेल सपाट बोर्डवर वजनं ठेवून दाबा आणि तसंच शीटिंग लावा. दोन्ही पॅनेलना तीच पाचर उलटवून वापरा. डाव्या-उजव्यात २-३ मिमीचा फरक राहिला तरी उतरताना वेग कमी झाला की एक पंख आधी पडतो.

शीट लीडिंग एजवर (पुढच्या कडेवर) वळवायला बाहेरची बाजू ओली करा, आतली नको. ओली बाजू फुगते, म्हणून शीट आपोआप हव्या दिशेला वाकतं. रात्रभर रबर बँडने बांधून वाळू द्या आणि मगच फेव्हिकॉल. ओलं असतानाच चिकटवलं तर वाळताना रिबांच्या (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फळ्यांच्या) मध्ये खड्डे पडतात.

स्प्रूसप्रेमी:
वेब गाळू नका. उलट स्ट्रटमुळेच ते कुठे जाड हवेत ते बदलतं. स्ट्रट नसलेल्या विंगमध्ये सगळ्यात जास्त वाक मुळाशी असतो. तुमच्यात तो स्ट्रट जिथे जोडला जातो तिथे असेल, शिवाय तिथून मुळापर्यंत स्पार लांबीच्या दिशेने दाबलाही जातो. बरेच जण मुळाशी प्लाय ठोकून मोकळे होतात आणि खरी जागा उघडी ठेवतात.

स्ट्रटच्या दोन्ही बाजूंचे दोन-दोन गाळे (दोन रिबांमधल्या जागा) १.५ मिमी प्लायच्या वेबने भरा, बाकी ३ मिमी बाल्सा, टोकाकडचे शेवटचे गाळे १.५ मिमी बाल्सा. बाल्साची ग्रेन (लाकडाच्या रेषांची दिशा) उभी. आडव्या ग्रेनचा वेब वरच्या स्पारला वाकण्यापासून अडवू शकत नाही, नुसता चिरतो.

उड्डाणात स्ट्रट विंगला खाली ओढतो. म्हणून त्याचा ३ मिमी प्लायचा ठोकळा फक्त खालच्या स्पारला चिकटवून भागत नाही, दोन्ही स्पारांमध्ये घट्ट बसवून इपॉक्सी करा. सर्व्होच्या (एलेरॉन हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या) वायरसाठी कागदी नळी आणि आत दोराही आत्ताच टाका.

बाल्साभुगा:
वेब करतो. फिल्मचं काय? लाकूड कोरडं झालं हे ओळखायचं कसं?

कोकणीफिल्म:
वजनावरून. पॅनेल बंद खोलीत डीह्युमिडिफायरजवळ ठेवा (नसेल तर बंद कपाटात ६० वॅटचा पिवळा बल्ब, लाकडापासून लांब) आणि रोज तोला. दोन दिवस वजन उतरलं नाही की फिल्म. दमट सांगाड्यावर ताणलेली फिल्म जानेवारीत लाकूड आकसलं की ढिली पडते, आणि दोष मात्र फिल्मला जातो.

आधी ३२० नंबरचा पॉलिश पेपर, मग धूळ पूर्ण टिपा, कारण धुळीवर फिल्म धरत नाही. खालची बाजू आधी, वरची नंतर, म्हणजे लीडिंग एजवरचा ८ मिमी जोड वरून दिसत नाही. कडा १०० अंशांच्या आसपास चिकटवा, आकसवायला १४०-१५०. शीटिंगवर मधून बाहेर इस्त्री फिरवा, फुगा आला तर टाचणीने टोचा. उघड्या गाळ्यांत वर-खाली आलटून पालटून ताणा. एकच बाजू आधी पूर्ण ताणलीत तर पातळ ट्रेलिंग एज वाकते.

एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपेच्या) फटीवर खालून पारदर्शक फिल्मची पट्टी लावा. कबला डिफरन्शियल (एलेरॉन वर जास्त, खाली कमी हलणं) हवंच: वर २५ मिमी असेल तर खाली १२. दोन्ही सारखे ठेवलेत तर नाक वळणाच्या उलट दिशेला जातं आणि सगळं रडरने (शेपटीच्या सुकाणूने) ओढावं लागतं.