मदत हवी आहे : बोक्याची लघवी पुन्हा तुंबली, पी.यू. ऑपरेशन कुठे करावं?

देशी बोका, नसबंदी झालेला, वय 5, वजन 5.6 किलो. लघवी दुसऱ्यांदा तुंबली. भूल देऊन कॅथेटर घातलाय, सलाईन चालू आहे. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) उतरतंय, पोटॅशियम नॉर्मल. सोनोग्राफीत मूत्राशयात बारीक रेती, मोठा खडा नाही, लघवीत स्ट्रुव्हाइटचे (एका खनिजाचे) स्फटिक. कोरडं खाणं बंद करून युरिनरी डाएटचं ओलं खाणं चालू आहे. (कृपया ‘पोट दाबून बघा’ सुचवू नका, तुंबलेलं मूत्राशय फुटू शकतं.)

डॉक्टर पेरिनिअल युरेथ्रोस्टॉमी (पी.यू.) सुचवताहेत. लिंगातला अरुंद मूत्रमार्ग काढून वरच्या रुंद भागाला नवं तोंड करतात. बल्बोयुरेथ्रल ग्रंथींपर्यंत (त्या रुंद भागाजवळच्या ग्रंथी) मूत्रमार्ग मोकळा केला नाही, तर ते तोंड आकसतं आणि पुन्हा तुंबतं. म्हणून हे ऑपरेशन नेहमी करणारा सर्जनच हवा.

पुण्यात किंवा मुंबईत कुणी करून घेतलंय का? परळचं बैलघोडा किंवा महालक्ष्मीचं टाटांचं हॉस्पिटल इथला अनुभव असेल तर रेफरल चिठ्ठी लागते का, तेही सांगा. रात्री वॉर्डात डॉक्टर असतो की नुसता अटेंडंट? कॅथेटर रात्री निसटला तर बघायला कुणी हवं, म्हणून विचारतोय. एकूण बिलात भूल, रक्ततपासण्या, आयसीयूचे दिवस धरलेले होते का?

ऑपरेशननंतर लिटर ट्रेमधल्या वाळूचे दाणे टाक्यांना चिकटतात, म्हणून ट्रेमध्ये वर्तमानपत्राच्या पट्ट्या ठेवणार आहे. टाके चाटू नयेत म्हणून घालतात ती गळ्यातली कॉलर किती दिवस ठेवलीत? नंतर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. युरिन कल्चर (लघवीतल्या जंतूंची तपासणी) किती महिन्यांनी करता, आणि नमुना पोटातून सुईनेच घेतात ना?