ऐपत आणि कुवत यात नेमका फरक काय? (संदर्भ : ब्रिटन-जर्मनी आरमारी स्पर्धा)

मंडळी, एक शंका आहे. पहिल्या महायुद्धाच्या आधी ब्रिटन आणि जर्मनीत युद्धनौका बांधायची जी चढाओढ लागली होती त्यावर मराठीत लेख लिहितेय आणि दर दोन ओळींनी 'क्षमता' येतंय, आर्थिक क्षमता, औद्योगिक क्षमता, लष्करी क्षमता, बांधणी क्षमता... वाचणाऱ्याला काही बोध होईल असं वाटत नाही. म्हणून रोजच्या बोलण्यातले ऐपत आणि कुवत हे शब्द घ्यावेत असं मनात आलं. पण दोन्हींचा अर्थ एकच धरायचा की वेगळा? तुम्ही कुठे काय वापरता?

---

वेगळा धरा. साधी कसोटी सांगतो, 'बौद्धिक कुवत' आपण सर्रास म्हणतो, 'बौद्धिक ऐपत' कुणी म्हणत नाही. ऐपत म्हणजे पैशाची बाजू, खिसा. 'ऐपत नसताना एवढा मोठा बार उडवला' असं लग्नाबद्दल बोलतात तिथे पैशाशिवाय दुसरं काही अभिप्रेत नसतं. कुवत मूळ अरबी कुव्वत, म्हणजे जोर, ताकद. आता 'आर्थिक कुवत' पण चालतं, त्यामुळे कुवतीचा पसारा मोठा आहे, ऐपतीचा लहान. आणि ऐपतदार असा शब्द आहे, कुवतदार मी तरी ऐकलेला नाही.

---

वरच्या प्रतिसादाशी सहमत आणि तुमच्या विषयाला तर ही जोडी फारच चपखल बसते, कारण त्या स्पर्धेत जर्मनीची कुवत वाढत होती पण ऐपत कमी पडत होती असं माझं ठाम मत आहे. 1913 साली जर्मनीचं पोलाद उत्पादन ब्रिटनच्या दुपटीहून जास्त होतं, एसेनला क्रुपचा पोलाद आणि तोफांचा अवाढव्य कारखाना, टिर्पिट्झसारखा हट्टी आरमारमंत्री, 1898 आणि 1900 चे आरमार कायदे, सगळं होतं. नव्हता तो पैसा उभा करायचा मार्ग. देश श्रीमंत होता हो, पण साम्राज्य सरकारच्या (म्हणजे केंद्राच्या) हातात प्राप्तिकर नव्हता, तो प्रशिया वगैरे घटक राज्यांकडे. केंद्राने जगायचं जकात, दारू-तंबाखू-साखरेवरचे कर आणि कर्ज यांवर. 1909 ला चॅन्सेलर (म्हणजे सरकारप्रमुख) ब्युलोवने वारसा कर वाढवायचं बघितलं तर जमीनदारांच्या पक्षाने इतरांच्या साथीने तो राइशस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, पाडला आणि ब्युलोवला जावं लागलं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, ही म्हण इथे अक्षरशः लागू होते.

त्याच वर्षी ब्रिटनमध्ये काय झालं बघा. अर्थमंत्री लॉइड जॉर्जने बजेटमध्ये प्राप्तिकर वाढवला, बड्या उत्पन्नावर जादा कर लावला, आणि त्यातून म्हाताऱ्यांचं पेन्शन आणि नवीन ड्रेडनॉट (मोठ्या तोफांच्या नव्या धर्तीच्या युद्धनौका) दोन्हींचा खर्च काढायचा ठरवला. लॉर्ड्स सभेने (संसदेच्या वरच्या सभागृहाने) ते बजेट फेटाळलं, निवडणूक झाली, पण 1910 मध्ये ते मंजूर झालंच. म्हणून मी लेखात लिहीन की ब्रिटन ऐपतीवर पुढे राहिला.

---

धन्यवाद, पण मग बांधणीचं काय? 'ड्रेडनॉट' ही त्या जातीची पहिली नौका ऑक्टोबर 1905 ला पोर्टस्मथला सुरू झाली आणि फेब्रुवारी 1906 मध्ये पाण्यात उतरली, हा वेग तर कुवतीचाच ना?

---

हो, पण त्या वेगात एक मेख आहे. सांगाडा लवकर उभा राहतो, अडतं ते तोफांच्या बुरुजापाशी, म्हणजे तोफ ज्यावर बसते आणि फिरते ती अवजड यंत्रणा. ड्रेडनॉटला ते बुरुज वेळेत मिळाले कारण 'लॉर्ड नेल्सन' आणि 'अ‍ॅगामेम्नॉन' या दोन नौकांसाठी आधीच सांगितलेले होते ते हिच्याकडे वळवले. 1909 ला ब्रिटनमध्ये जी घबराट उडाली तीसुद्धा क्रुप असे बुरुज गुपचूप आधीच बनवून ठेवतोय या संशयावरून, आणि त्यापायी चारच्या जागी आठ नौका मंजूर झाल्या. तेव्हा कुवत मोजायची तर सगळ्यात अवघड भाग वर्षाला किती निघतात ते बघायचं, एकूण टनांचा आकडा बघून कळत नाही.

आणि जर्मनीने नौका मोठ्या केल्या की बाल्टिक आणि उत्तर समुद्राला जोडणारा कील कालवा पण रुंद करावा लागला, ते काम 1907 ला सुरू होऊन जून 1914 ला संपलं. असा खर्च 'युद्धनौका' या सदरात दिसत पण नाही.

---

माझे सासरे दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, ते नेहमी सांगायचे की गोळा म्हणजे नुसतं लोखंडी कवच नाही, त्यात भरायची दारू वेगळी, फ्यूज वेगळा, आणि यातलं एक जरी कमी पडलं तरी बाकीचं नुसतं रांगेत पडून राहतं. ब्रिटनचं 1915 ला हेच झालं, ऐपत भरपूर पण फ्रान्समधल्या तोफांना गोळे पुरेनात, मे महिन्यात पेपरात बोभाटा झाला, सरकार बदललं आणि युद्धसामग्रीचं वेगळं खातं काढून लॉइड जॉर्जकडे दिलं. युरोपियन युनियनने पण मार्च 2023 मध्ये वर्षभरात युक्रेनला दहा लाख गोळे द्यायचं कबूल केलं, मुदत संपली तेव्हा निम्म्याच्या आसपास पोचले होते. या देशांना कुणी गरीब म्हणेल का? बातम्यांत नुसता 'संरक्षण खर्च वाढला' एवढंच छापतात याचा मला मनापासून राग येतो, कारण वाचणाऱ्याला वाटतं पैसे मंजूर झाले म्हणजे गोळे तयार झाले.

---

यात सरंजाम हा शब्द पण बघा. आज सरंजामशाही म्हटलं की जमीनदार आठवतात, पण मूळ अर्थ साहित्य, तयारी, आणि मराठेशाहीत सरदाराला फौज बाळगण्यासाठी लावून दिलेला मुलखाचा वसूल. म्हणजे फौज आणि तिचा खर्च एकाच शब्दात. मात्र तुमच्या लेखात वापरू नका, गैरसमज होईल.

---

थोडा वेगळा मुद्दा मांडतो. ऐपत-कुवत अशी स्वच्छ वाटणी 1914 पर्यंत ठीक आहे, पुढे ती टिकत नाही. ब्रिटनने नंतर गोळ्यांची कुवत उभी केली खरी, पण त्यासाठी पोलाद, यंत्रं, धान्य अमेरिकेतून आणलं, मॉर्गन बँकेमार्फत तिथे कर्ज काढलं, रोखे विकले, आणि 1917 च्या सुरुवातीला डॉलर संपत आले. कुवत वाढवता वाढवता ऐपत गेली. तोवर दोन्ही अमेरिकेकडे जमा झालेलं होतं. तेव्हा लेखात जिथे 1909 आहे तिथे ऐपत लिहा, 1915 ला कुवत लिहा, आणि 1917 ला दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवा, तिथे 'क्षमता' अजिबात चालणार नाही.