जुनी मोटरसायकल घेताना काय पाहिलंत, काय राहून गेलं? (अनुभव धागा)

गेल्या महिन्यात सतरा वर्षं जुनी एक गाडी बघायला गेलो आणि पाच मिनिटांत परत आलो. गाडी चकाचक होती, मालकही गोड बोलणारा. पण मी इंजिनाला हात लावला तर ते गरम! म्हणजे मी पोचायच्या आधी गाडी चालवून आणलेली.

एवढ्यावरून परत यायचं? हो, कारण मी एकदा पोळलोय. पहिली जुनी गाडी घेतली तेव्हाही इंजिन असंच गरम होतं. तिथे एका किकमध्ये सुरू झाली. घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किक मारमारून पिंडरी सुजली. सुरू झाली तेव्हा मागे निळा धूर. दोन मिनिटांत धूर गायब, गाडी पुन्हा गुणी बाळ. नंतर कळलं, व्हॉल्व्हची सीलं गेली होती. रात्रभर थेंब थेंब ऑइल खाली उतरायचं आणि सकाळच्या पहिल्या स्फोटांबरोबर जळायचं. गरम इंजिनात ते दिसणार कुठून? (अॅक्सिलरेटर पिळल्यावर सतत निळा धूर येत असेल तर प्रकरण बहुधा पिस्टनच्या रिंगांचं किंवा सिलिंडरच्या बोअरचं. ते जास्त खर्चिक.)

तर तुमचे अनुभव लिहा. याद्या नकोत, त्या ढिगाने मिळतात. तुमच्यावर काय गुदरलं ते सांगा.

*

मीटरवर १२,००० किलोमीटर. फुटरेस्टची रबरं नवी कोरी. मला आधी बरं वाटलं, मग खटकलं. बारा हजारांत रबरं बदलावी लागतात का कुणाला? मागच्या ब्रेकचं पेडल पाहिलं तर त्यावरच्या रेघा झिजून गुळगुळीत झालेल्या. किल्ली स्विचमध्ये इतकी सैल की गाडी चालू असताना बाहेर निघत होती.

सीट उघडून दाखवा म्हटलं. टूलकिटच्या पिशवीत घडी घातलेलं एक जुनं बिल होतं. सहा वर्षांपूर्वीचं, ऑइल बदलल्याचं, त्यावर रीडिंग ४१,०००. मालक म्हणाला, मीटर बिघडला होता म्हणून दुसरा बसवला. असेलही. जुन्या गाड्यांत असं होतं आणि त्यात लबाडी असेलच असं नाही. पण हे मी बिल दाखवल्यावर आठवलं ना त्याला! ४१,००० चालली असती तरी मी घेतली असती. सांगितलं नाही म्हणून नाही घेतली.

*

वर मीटरचं वाचलं, मी अपघाताचं सांगतो.

रंग नवा, टाकी आरशासारखी. सोबतच्या काकांनी काही न बोलता हँडल आधी पूर्ण डावीकडे वळवलं, मग उजवीकडे, आणि खाली वाकून टॉर्च मारला. हँडल एका मर्यादेपलीकडे वळू नये म्हणून फ्रेमच्या गळ्यापाशी एक छोटा स्टॉपर असतो. डावीकडचा शाबूत होता, उजवीकडचा चेपून चपटा झालेला. साध्या पडण्याने तो सहसा असा चेपत नाही. पुढच्या चाकाला जोरदार फटका बसून हँडल झटक्यात फिरलं की चेपतो. मग आम्ही गळ्याच्या खालच्या बाजूला बोट फिरवलं. तिथे रंगाखाली बारीक सुरकुती हाताला लागली. पत्रा दुमडून सरळ केला की जशी राहते, तशी.

काकांनी गाडी मधल्या स्टँडवर घेतली, मला मागून दाबायला लावलं आणि पुढचं चाक अधांतरी करून हँडल सावकाश फिरवलं. बरोबर मध्यावर खट्ट करून अडकायचं. कोनसेट, म्हणजे हँडलच्या सांध्यातलं बेअरिंग, गेलेला. तो बदलता येतो, त्याचं काही नाही. फ्रेमचं काय करणार? त्यांनी मला चाकांच्या मागे दूर उभं करून दोन्ही चाकं एका रेषेत दिसतात का तेही बघायला लावलं. मला दिसली, त्यांना नाही दिसली. त्यांचं ऐकलं.

*

माझं छोटंसं. खिशात छोटं चुंबक न्यायचं, ओरखडे पडू नयेत म्हणून त्याला कापडी चिकटपट्टी लावायची. लोखंडी टाकीवर फिरवलं की जिथे पकड सुटते तिथे खाली लांबी (पुट्टी) भरलेली असते. मला डाव्या बाजूला तळहाताएवढी सापडली. मालकाला खरंच माहीत नव्हती, त्याचाच चेहरा उतरला.

*

मला उलट धडा मिळाला. गाडी जेमतेम ४,००० किलोमीटर चाललेली, आठ वर्षं शेडमध्ये झाकून ठेवलेली. मी म्हटलं लॉटरीच लागली. भाऊ म्हणत होता, उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा जास्त सडते. ऐकते कोण!

टायरला नक्षी नव्यासारखी होती. पहिल्याच पावसात वळणावर मागचं चाक असं सटकलं की काळजाचं पाणी झालं. मग टायरच्या बाजूचे चार आकडे वाचले: २३०९. म्हणजे २००९ सालचा तेविसावा आठवडा. रबर वाळून लाकूड झालेलं. त्यानंतर रांगच लागली. आठवड्यात पुढच्या शॉकअपमधून ऑइल पाझरायला लागलं, डिस्क ब्रेकचा पिस्टन आत अडकून बसला, कार्ब्युरेटर उघडला तर जेटमध्ये वाळलेल्या पेट्रोलचा पिवळा चिकटा, टाकीच्या तळाला गंज. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी कापसाचं घरटं केलं होतं, अगदी नीटनेटकं. गाडीतली तेवढीच एक गोष्ट सुस्थितीत होती.

आता ती सुंदर चालते. पण कुणी "कमी चाललेली आहे" म्हटलं की मी आधी टायर वाचते.

*

मी गॅरेजवाला. लोक गाडी घेऊन झाल्यावर माझ्याकडे आणतात आणि विचारतात, "सगळं ठीक आहे ना?" अरे, घ्यायच्या आधी आणा की!

माझ्या हाताला लागलेली सवय सांगतो. मागच्या स्प्रॉकेटच्या (चेन फिरते त्या दातेरी चकतीच्या) पार मागच्या टोकाला चेन धरून बाहेर ओढायची. अर्धा दात उघडा पडला तर चेन संपली. चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म) दोन्ही हातांनी आडवा हलवायचा, खडखडला तर बुश गेले. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत थोडा फेस वाफेनेही होतो, लगेच घाबरू नका.

आणि मल्टीमीटर न्या. बंद गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. गाडी सुरू करून रेस वाढवली की आकडा साधारण १४ पर्यंत चढायला हवा. चढलाच नाही तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बॅटरीला उकळतोय. जुन्या गाडीत हेच दुखणं फार, आणि नुसत्या चक्कर मारण्यात ते कळत नाही.

*

कागद आणि गाडी शेजारी शेजारी ठेवून नंबर एकेक अक्षर करून जुळवा. मी इंजिन नंबर जुळवला, चेसिसचा "दिसतोय बरोबर" म्हणून सोडला. पुढे नावावर करताना अडलं. कागदावर एका जागी ओ हे अक्षर होतं, फ्रेमवर शून्य. गंमत अशी की १७ अक्षरांच्या चेसिस नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं मुळी वापरतच नाहीत, नेमका हाच घोळ टाळायला. टाइप करणाऱ्याला हे कोण सांगणार? दुरुस्तीपायी चार महिने गाडी दारात उभी. आणि हो, गाडीवर कर्जाचा बोजा शिल्लक आहे का तेही तेव्हाच विचारा.

*

धागाकर्त्यांना एक सांगायचंय. गरम इंजिन म्हणजे दर वेळी फसवणूक नसते हो. मी गाडी विकताना बघायला मुलगा येणार होता, ऐन वेळी सुरू झाली नाही तर लाज जाईल म्हणून मीच आधी एक चक्कर मारून आणली. त्याने इंजिनाला हात लावला, हसला आणि म्हणाला, "काका, उद्या सकाळी येतो, तोवर हात लावू नका."

आला. थंड गाडी चोक ओढून दुसऱ्या किकला सुरू झाली. पण हेडच्या जोडापाशी ऑइलचा ओलसरपणा त्याला दिसला, जो मला अकरा वर्षांत दिसला नव्हता. आम्ही दोघांनी बसून पुसून पाहिला, पुन्हा सुरू करून पाहिला. त्यापायी थोडे पैसे कमी केले, त्याने गाडी नेली.

महिन्याभराने त्याचा फोन. "काका, ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मिणमिणतो." मागच्या दिव्याची अर्थिंग सैल होती. ते मला माहीत होतं, सांगायचं राहूनच गेलं होतं.