नाशिक: मुलाच्या ताब्याचं प्रकरण पुन्हा उघडायला कोर्टाची परवानगी लागते का?

गंगापूररोडकर
2021 मध्ये नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयातून संमतीने घटस्फोट झाला, हिंदू विवाह कायद्याखाली. ताबा आईकडे, मला दर दुसऱ्या रविवारी भेट. कन्सेन्ट टर्म्समध्ये (दोघांनी मान्य केलेल्या लेखी अटींमध्ये) ‘ताब्याबाबत पुढे कोणीही अर्ज करणार नाही’ असं लिहिलंय. मुलगा आता 9 वर्षांचा आहे. मायलेक पुण्याला राहायला गेलेत आणि भेटी बंद झाल्यात. आधी परवानगी मागायची का? आणि अर्ज नाशिकला की पुण्याला?

पंचवटी वकील
वेगळी परवानगी लागत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 नुसार हुकूमनाम्यानंतरही (घटस्फोटाच्या अंतिम निकालानंतरही) ताब्याचा आदेश बदलून मागता येतो, आणि तो संमतीने ठरलेला असला तरी बदलतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये स्पष्ट केलंय. त्या अटीची धास्ती सोडा. मुलाचं हित आईवडिलांना आपसांत बांधून टाकता येत नाही. अपिलाच्या मागे मात्र लागू नका, संमतीच्या हुकूमनाम्यावर ते होत नाही. परवानगीचा अर्ज लागतो तो वकिलासाठी! कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम 13 मुळे वकील देणं हा हक्क नाही, म्हणून वकीलपत्रासोबत तो जोडतात.

कलम 26 चा अर्ज हुकूमनामा देणाऱ्या कोर्टात, म्हणजे नाशिकला. 1890 च्या पालक आणि पाल्य अधिनियमाखाली नवा अर्ज केलात तर मूल नेहमी राहतं तिथलं कोर्ट, म्हणजे पुणे. ही गल्लत झाली की अधिकारक्षेत्राच्या वादातच तारखा जातात.

सिडको_नाशिक
आधी ठरवा, ताबा हवाय की भेट? फक्त भेट हवी असेल तर जुन्याच आदेशाच्या अंमलबजावणीची दरखास्त टाका.

ताबा बदलायचा तर 2021 नंतर काय बदललं आणि त्याने मुलाचं काय बिघडतंय, हे दाखवावं लागेल. नुसतं पुण्याला जाणं पुरत नाही. लग्नातली जुनी भांडणं शपथपत्रात ओतलीत तर मूळ मुद्दा बुडतो. हुकूमनाम्याची आणि अटींची प्रमाणित प्रत, शाळेची हजेरी, प्रगतिपुस्तक, हुकलेल्या भेटींच्या तारखा आणि त्या दिवसांचे मेसेज लावा. मेसेज नुसते छापून चालत नाहीत, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडा.

सोबत अंतरिम (निकाल लागेपर्यंतच्या सोयीचा) अर्ज द्याच: व्हिडिओ कॉलचा वार आणि वेळ, दिवाळी-मे महिन्याच्या सुट्टीचा वाटा, मुलाला कुठून घ्यायचं, किती वाजता परत सोडायचं. ‘वाजवी भेट मिळावी’ असं मोघम मागितलंत तर आदेशही मोघम येतो आणि तो मोडला हे सिद्ध करता येत नाही. न्यायाधीश मुलाशी चेंबरमध्ये बोलू शकतात. कृपा करून त्याला पढवू नका.

गंगापूररोडकर
समजलं, आभार. भेट मिळेपर्यंत पोटगी थांबवली तर?

पंचवटी वकील
अजिबात नको. पोटगी मुलाची आहे, तिचा भेटीशी संबंध नाही. थकबाकीची दरखास्त तर येईलच, शिवाय ताबा मागणारा बाप खर्च देत नाही हा मुद्दा समोरच्या वकिलाला आयता मिळेल. दर महिन्याला बँकेतूनच भरा, रोख नको. आणि आदेशाशिवाय मुलाला परस्पर नाशिकला आणू नका.