मदत हवी आहे: रावेर-सावद्याच्या उन्हात चालणारा फोन आणि बिल प्रिंटर

केळीच्या बागेत जागेवरच वजन, फोटो आणि बिल करायचं आहे. २५ हजारांपर्यंतचा फोन सुचवा.

खरी अडचण उन्हाची. मे महिन्यात जळगाव जिल्ह्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि बऱ्याच कंपन्या फोन ३५ अंशांपर्यंतच वापरा म्हणतात. त्यापुढे फोन स्क्रीन मंद करतो, चार्जिंग थांबवतो. गाडीच्या काचेशी ठेवून फास्ट चार्जिंग लावलं की आणखी लवकर. म्हणून जाहिरातीतला पीक ब्राइटनेसचा (स्क्रीनच्या कमाल उजेडाचा) आकडा सांगू नका, तो स्क्रीनच्या छोट्या भागावर थोडाच वेळ मिळतो. अर्धा तास उन्हात बिलिंग चालू ठेवल्यावर स्क्रीन वाचता येते का, तेवढं वापरणाऱ्यांनी सांगा. ८ जीबी रॅम, ५००० एमएएच बॅटरी, दोन सिम पुरेत.

प्रिंटर ५८ मिमी रुंद कागदाचा, ब्लूटूथ थर्मल (शाईऐवजी उष्णतेने छापणारा) हवा. थर्मल कागद उष्णतेने काळा पडतो, म्हणून बिलाची पीडीएफ व्हॉट्सॲपवर जाईलच. पण शेतकरीदादाच्या हातात कागद पडलाच पाहिजे, आणि तोही मराठीत. बऱ्याच स्वस्त प्रिंटरमध्ये देवनागरी फॉन्ट नसतो, मग प्रश्नचिन्हं छापली जातात. बिल चित्राच्या रूपात पाठवणारं ॲप असेल तर हा प्रश्न सुटतो. अशी ॲप-प्रिंटरची चालणारी जोडी कोणाकडे आहे?